काट्यापासून पट्टीपर्यंत: रॅबिटएमक्यूने प्रोग्राम एकमेकांशी कसे जोडायचे

हळदीचा हंगाम भरात असला की सांगलीच्या मार्केट यार्डातल्या मोठ्या अडत दुकानात तीन-चार प्रोग्राम एकदम पळत असतात. बाहेर काट्याला जोडलेला संगणक वजन घेतो. आत पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद, निघते. एक प्रोग्राम शेतकऱ्याला एसएमएस पाठवतो. खात्याच्या प्रोग्राममध्ये हमाली-तोलाईपासून खरेदीदाराच्या बाकीपर्यंत सगळं चढतं. हे सगळे बहुधा सरळ साखळीत बांधलेले असतात: काटा पट्टीला हाक मारतो, पट्टी एसएमएसवाल्या कंपनीच्या सर्व्हरला हाक मारते, आणि सगळ्यांचं उत्तर आलं की मगच काट्याच्या पडद्यावर ‘सेव्ह झालं’ असं दिसतं. एसएमएसवाल्यांचा सर्व्हर वीस सेकंद गप्प बसला तर पाठीवर पोतं घेतलेला हमालही वीस सेकंद उभा राहतो. वजनाचा आणि एसएमएसचा काय संबंध, असं त्याने विचारलं तर त्याचं काय चुकलं?

काट्याच्या प्रोग्रामने वजन नोंदवावं आणि पुढच्या पोत्याला मोकळं व्हावं. ती बातमी ज्याला हवी त्याच्यापर्यंत नेण्याचं काम मध्ये बसलेल्या वेगळ्या प्रोग्रामकडे द्यावं. या मधल्या प्रोग्रामला मेसेज ब्रोकर म्हणतात. या लेखात रॅबिटएमक्यू नावाचा ब्रोकर वापरून अशी रचना पहिल्यापासून उभी करू. एक प्रश्न मात्र प्रत्येक पायरीला विचारायचा: या क्षणी हा मेसेज हरवला तर जबाबदार कोण? याचं उत्तर स्पष्ट नसेल तर क्यू, एक्सचेंज वगैरे (ही नावं पुढे समजतील) कितीही नीट लावा, एक ना एक दिवस पट्टी गहाळ होणार.

मुळात गरज आहे का?

दुकानात एकच संगणक, एकच प्रोग्राम आणि एकच डेटाबेस असेल तर ब्रोकर बसवू नका. डेटाबेसमध्ये ‘करायची कामं’ असं एक टेबल ठेवा, दर काही सेकंदांनी ते वाचा, काम भागतं. ब्रोकर म्हणजे सांभाळायला आणखी एक सर्व्हर. तो बंद पडू शकतो, त्याची डिस्क भरू शकते, आणि त्याचा पासवर्ड ज्याला माहीत आहे तो माणूस नेमका लग्नाला गेलेला असतो.

दोनपेक्षा जास्त प्रोग्राम आहेत, ते वेगवेगळ्या संगणकांवर आहेत आणि एक बंद असला तरी बाकीच्यांनी चालत राहायला हवं, अशी परिस्थिती असेल तर पुढे वाचा.

पर्याय बरेच आहेत. झीरोएमक्यूमध्ये मध्ये ब्रोकर नसतोच, प्रोग्राम थेट एकमेकांशी बोलतात, त्यामुळे समोरचा बंद असताना मेसेज जपून ठेवायची सोय आपली आपण करायची. एमक्यूटीटी हा १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी जन्मलेला हलका प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत. सेन्सर आणि छोट्या यंत्रांना तो उत्तम. काफ्का लिंक्डइनमध्ये तयार झाला आणि २०११ मध्ये खुला झाला. तो मेसेज वाचून झाल्यावरही लॉगमध्ये ठेवतो आणि मोठ्या प्रवाहांसाठी आहे. अडत दुकानाला काफ्का लावणं मला तरी झेपणारं वाटत नाही.

रॅबिटएमक्यू २००७ पासून आहे, मुक्त स्रोत आहे आणि एरलँग भाषेत लिहिलेला आहे. एरलँग ही एरिक्सन कंपनीने टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडवलेली भाषा, म्हणजे ‘बंद पडायचं नाही’ ही अट तिच्या जन्मापासूनची. रॅबिट ज्या एएमक्यूपी प्रोटोकॉलवर उभा आहे त्याची सुरुवात २००३ च्या सुमारास जेपी मॉर्गन चेस या बँकेत झाली. बँकेतल्या व्यवहाराला जी पोच लागते तीच इथे आपल्याला पट्टीसाठी लागणार आहे.

आधी कागदावर

संगणकाला हात लावण्याआधी दुकानात काय काय ‘घडतं’ ते लिहून काढा. ‘पट्टी बनव’, ‘एसएमएस पाठव’ असे हुकूम लिहू नका. ‘वजन झालं’, ‘पट्टी तयार झाली’, ‘चिठ्ठी रद्द झाली’ अशा घटना लिहा. हुकूम पाठवला की पाठवणाऱ्याला समोर कोण आहे ते माहीत असावं लागतं. घटना सांगितली की ज्याला हवी तो ऐकतो. उद्या मालकांनी दिवसाची आवक दाखवणारा फलक मागितला तर काट्याच्या प्रोग्राममधली एक ओळही न बदलता तो जोडता येतो.

आता रॅबिटमधली चार नावं. मेसेज पाठवणारा तो प्रोड्यूसर, घेणारा कन्झ्युमर. मेसेज थांबतात ती क्यू. आणि प्रोड्यूसर मेसेज देतो ते एक्सचेंज. नवशिक्याचा घोटाळा इथेच होतो: प्रोड्यूसर क्यूत मेसेज टाकत नाही, तो एक्सचेंजकडे देतो. मेसेजवर एक पत्ता असतो, त्याला राउटिंग की म्हणतात. कुठल्या पत्त्याचा मेसेज कुठल्या क्यूत जावा याचा नियम म्हणजे बाइंडिंग. एकच मेसेज तीन बाइंडिंगांत बसला तर तिन्ही क्यूंत त्याची एकेक प्रत जाते.

एक्सचेंजचे मुख्य प्रकार चार: डायरेक्ट, फॅनआउट, टॉपिक आणि हेडर्स. टॉपिक घ्या. त्यात पत्ता टिंबांनी तोडलेला असतो. आपला पत्ता असा ठेवू: ‘वजन.हळद.काटा२’. बेदाण्याचं वजन असेल तर ‘वजन.बेदाणा.काटा१’. पट्टीच्या क्यूचं बाइंडिंग ‘वजन.#’, कारण तिला सगळीच वजनं हवीत. हळदीच्या साठ्याचा हिशोब ठेवणाऱ्या क्यूला ‘वजन.हळद.*’. एसएमएसच्या आणि खात्याच्या क्यूला ‘पट्टी.तयार’. इथे * म्हणजे बरोबर एक शब्द, आणि # म्हणजे शून्य किंवा कितीही शब्द. ‘वजन.*’ असं बाइंडिंग दिलं तर ‘वजन.हळद.काटा२’ त्यात बसत नाही, आणि क्यू रिकामी का म्हणून अर्धा दिवस जातो.

नावांबद्दल एक सांगून टाकतो. रॅबिटला देवनागरी नाव चालतं. क्यूचं नाव यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीत) २५५ बाइटपर्यंत असू शकतं. तरी प्रत्यक्षात नावं रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांतच ठेवा, कारण विंडोजच्या काळ्या खिडकीत देवनागरी टाइप करताना डोकं फिरतं. इथे वाचायला सोपं म्हणून ती मराठीत दिली आहेत.

रॅबिट बसवणे

दुकानातले संगणक बहुधा विंडोजचे, म्हणून तेच धरू. आधी एरलँग, मग रॅबिटएमक्यू, दोन्ही अॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून. कुठल्या रॅबिटला एरलँगची कुठली आवृत्ती चालते याचा तक्ता रॅबिटच्या अधिकृत माहितीत आहे. तो बघितल्याशिवाय ‘सगळ्यात नवं ते घ्या’ असं करू नका. लिनक्सवर डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या पेटीत चालवायचं साधन) येत असेल तर काम आणखी सोपं: ‘मॅनेजमेंट’ हा शब्द टॅगमध्ये असलेली रॅबिटची अधिकृत इमेज घ्यायची आणि डेटाची फोल्डर बाहेरच्या व्हॉल्यूमला जोडायची. ती जोडली नाही तर कंटेनर नव्याने बनवला की आतलं सगळं जातं.

विंडोजवर मॅनेजमेंट प्लगइन, म्हणजे ब्राउझरमधून रॅबिट बघायची-सांभाळायची सोय, वेगळं चालू करावं लागतं. ते झालं की ब्राउझरमध्ये त्याच संगणकाचा १५६७२ पोर्ट उघडा. प्रोग्राम ज्या दाराने येतात तो पोर्ट ५६७२. सुरुवातीला ‘गेस्ट’ नावाचा वापरकर्ता असतो, पासवर्डही ‘गेस्ट’, आणि तो फक्त त्याच संगणकावरून आत येऊ शकतो. काट्याच्या संगणकावरून ‘गेस्ट’ने जोडायला गेलात की नकार मिळतो. मग लोक फायरवॉल बंद करून बघतात, राउटर बदलून बघतात. तसं काही नको. ‘अॅडमिन’ टॅबमध्ये प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळा वापरकर्ता करा: काटा, पट्टी, एसएमएस, खाते. परवानग्या तीन असतात: रचना बदलणे, लिहिणे, वाचणे. काट्याला फक्त लिहायची द्या. स्वतःसाठी एक अॅडमिन वापरकर्ता करा आणि गेस्ट काढून टाका. ५६७२ आणि १५६७२ हे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नका.

विंडोजवर दोन खड्डे हमखास लागतात. पहिला: रॅबिटची सर्व्हिस चालू असते, ब्राउझरमध्ये सगळं दिसतं, पण कमांड द्यायला गेलं की नोड, म्हणजे चालू असलेला रॅबिट, सापडत नाही म्हणून तक्रार. कारण एरलँगची कुकी फाइल, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांना ओळखायची गुप्त खूण. सर्व्हिस सिस्टिमच्या खात्यातली कुकी वाचते, तुमची खिडकी तुमच्या खात्यातली, आणि दोन्ही सारख्या नसतात. सिस्टिमच्या फोल्डरमधली फाइल आपल्या खात्यात कॉपी करा, तक्रार संपते. दुसरा खड्डा जास्त घाबरवणारा. रॅबिट आपला डेटा संगणकाच्या नावाने ठेवतो. कुणी हौसेने संगणकाचं नाव बदललं की रॅबिट नव्या नावाची नवी कोरी फोल्डर उघडतो. वापरकर्ते नाहीत, क्यू नाहीत, काही नाही. डेटा गेलेला नसतो, जुन्या नावाच्या फोल्डरमध्ये पडून असतो. संगणकाचं नाव पूर्ववत केलं की परत येतो. त्या संगणकावर ‘नाव बदलू नये’ अशी चिठ्ठी चिकटवा. जागाही नीट निवडा. यूपीएस हवाच, आणि २००५, २०१९, २०२१ चं पाणी पाहिलेल्या गावात सर्व्हर तळमजल्यावर जमिनीलगत ठेवायचा नसतो, हे मी सांगायला नको.

मेसेजच्या आत काय

मेसेज जेसनमध्ये (नाव आणि किंमत अशा जोड्या लिहायच्या साध्या मजकुराच्या पद्धतीत) लिहा, यूटीएफ-८ मध्ये. शिराळ्याकडून आलेल्या बारा पोत्यांचा एक मेसेज उघडून बघू:

घटना: वजन झालं
आवृत्ती: १
क्रमांक: काटा२-२०२५०३११-४१८
वेळ: २०२५-०३-११, ११:४२:०७, +०५:३०
शेतकरी खाते: १०७३
माल: हळद
पोती: १२
वजन ग्रॅम: ६१२४००

वजन ६१२.४ किलो न लिहिता ग्रॅममध्ये पूर्णांक लिहिलं आहे. दशांश अपूर्णांक एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना शेपूट वाढवतात. पट्टीत एका पैशाचा फरक आला की खातेवही जुळेपर्यंत दिवाणजी घरी जात नाहीत. रुपयांचंही तसंच, पैशांत पूर्णांक ठेवा.

क्रमांकाकडे नीट बघा. तो यंत्राने काढलेला आकड्यांचा गोंधळ नाही. काटा, तारीख आणि चिठ्ठी नंबर जोडून बनवलेला आहे. तोच मेसेज पुन्हा गेला तरी क्रमांक तोच राहतो, आणि तोलाईदाराच्या हातातल्या कागदी चिठ्ठीशीही ताडून बघता येतो. पुढे याच क्रमांकावर आपली दुहेरी पट्टीपासूनची सुटका टांगलेली आहे.

आवृत्ती आजच लिहा. दोन वर्षांनी ओलाव्याची टक्केवारी घालावी लागेल, तेव्हा जुने आणि नवे मेसेज एकाच क्यूत शेजारी उभे असतील. फोटो, पीडीएफ मेसेजमध्ये कोंबू नका. फाइल सर्व्हरवर ठेवा, मेसेजमध्ये तिचा ठावठिकाणा.

काट्याकडून: देणाऱ्याची जबाबदारी

काट्याच्या संगणकावर एसक्यूलाइटचा छोटा डेटाबेस ठेवा. त्यात वजनाच्या टेबलाशेजारी ‘जावक’ नावाचं टेबल. पोती तोलली की एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे दोन्ही होतील नाहीतर एकही नाही अशा तऱ्हेने, दोन्ही टेबलांत नोंद: वजन आणि पाठवायचा मेसेज. एवढं झालं की पडद्यावर ‘सेव्ह झालं’, हमाल मोकळा. रॅबिट त्या वेळी चालू आहे की बंद, नेटवर्कची वायर उंदराने कुरतडली आहे का, याच्याशी काट्याचं काही देणंघेणं नाही.

मग त्याच संगणकावरचा दुसरा छोटा प्रोग्राम जावक टेबल वाचतो आणि एकेक मेसेज रॅबिटला देतो. देताना तीन गोष्टी लागतात, आणि तिन्ही लागतात.

क्यू ‘ड्युरेबल’ हवी, म्हणजे रॅबिट पुन्हा सुरू झाला तरी ती राहते. मेसेज ‘पर्सिस्टंट’ हवा, म्हणजे डिलिव्हरी मोड २, तो डिस्कवर जातो. क्यू ड्युरेबल आणि मेसेज साधा असेल तर वीज गेल्यावर क्यू राहते पण आतून रिकामी. तिसरी गोष्ट ‘पब्लिशर कन्फर्म’. ते चालू केलं की मेसेज सांभाळल्यावर रॅबिट पोच देतो. पोच आली की मगच जावक टेबलात ‘गेला’ अशी खूण करा. पोच आली नाही तर मेसेज पुन्हा पाठवा. दोनदा गेला तर? जाऊ दे. दुसऱ्या टोकाला त्याचा बंदोबस्त आहे.

आता एक बारीक गोम. एक्सचेंजला मेसेज दिला, पण तो पत्ता घेणारं एकही बाइंडिंग नसेल, तर रॅबिट तो मेसेज टाकून देतो. आणि कन्फर्मची पोच तरीही देतो! त्याच्या मते त्याने काम केलं: कुणाला द्यायचा नव्हता, दिला नाही. नवा काटा लावताना पत्त्यात ‘वजन’ऐवजी ‘वजने’ टाइप झालं की दिवसभराची वजनं अशी हवेत जातात. त्यासाठी पाठवताना ‘मँडेटरी’ हा झेंडा लावा. मग कुठेच न बसणारा मेसेज परत येतो. पायथॉन भाषेतून रॅबिटशी बोलणाऱ्या पिका लायब्ररीत कन्फर्म आणि मँडेटरी दोन्ही चालू असतील तर अशा वेळी ‘अनराउटेबल’ची चूक थेट हातात पडते. जावक टेबलात ती नोंदवा आणि पडद्यावर लाल पट्टी दाखवा.

पट्टीकडे: घेणाऱ्याची जबाबदारी

कन्झ्युमर लिहिताना लोक ‘ऑटो अॅक’ (आपोआप पोच) चालू ठेवतात, कारण उदाहरणांत तसं असतं. त्याचा अर्थ असा की रॅबिटने मेसेज वायरवर ठेवला त्या क्षणी त्याने हात झटकले. पट्टीचा प्रोग्राम त्याच वेळी कोसळला तर मेसेज कुणाचाच नाही. ऑटो अॅक बंद करा. मेसेज घ्या, डेटाबेसमध्ये पट्टी लिहा, ट्रान्झॅक्शन पक्की करा, आणि त्यानंतर पोच द्या. पोच देण्याआधी प्रोग्राम मेला तर कनेक्शन तुटल्याचं रॅबिटला कळतं आणि तो मेसेज पुन्हा क्यूत ठेवतो.

आणि अर्थातच यात एक फट राहते. पट्टी पक्की झाली, आणि पोच द्यायच्या आधी वीज गेली. मेसेज पुन्हा येणार. रॅबिट ‘निदान एकदा तरी पोचवीन’ एवढीच हमी देतो. ‘बरोबर एकदाच’ ही हमी तुमची तुम्ही उभी करायची. डेटाबेसमध्ये ‘पोचनोंद’ असं टेबल करा, त्यात मेसेज क्रमांकावर युनिक अट. पट्टी लिहिताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये क्रमांक तिथे टाका. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर डेटाबेस नकार देतो. तो नकार चूक मानू नका. ‘हे काम झालेलं आहे’ असं समजून शांतपणे पोच द्या. ‘आधी शोध, नसेल तर लिही’ असा कोड लिहू नका, कारण दोन कन्झ्युमर एकाच वेळी शोधतात, दोघांनाही सापडत नाही, आणि काटा२-२०२५०३११-४१८ च्या दोन पट्ट्या निघतात.

पट्टीचा प्रोग्राम स्वतःही प्रोड्यूसर आहे, तो ‘पट्टी.तयार’ पाठवतो. म्हणून त्यालाही जावक टेबल हवं, काट्यासारखंच.

‘प्रीफेच’ ठरवा, म्हणजे पोच न आलेले किती मेसेज एका कन्झ्युमरकडे एका वेळी असू द्यायचे ते. काही न सांगता सोडलंत तर रॅबिट क्यूतले मेसेज पहिल्या कन्झ्युमरच्या पदरात एकदम ओतू लागतो. दुसरा कन्झ्युमर मदतीला लावला तरी तो रिकामा बसतो. पट्टीसाठी दहा-वीस ठेवा, एसएमएससारख्या संथ कामाला एक. आणि काम लांबणारं असेल तर ते कनेक्शन सांभाळणाऱ्या धाग्यातच (थ्रेडमध्ये) करत बसू नका. हार्टबीट, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ ही अधूनमधून द्यायची खूण, साधारण ६० सेकंदांचा असतो. तेवढ्यात प्रोग्रामने हूं की चूं केलं नाही तर रॅबिट त्याला मेलेला समजून कनेक्शन तोडतो. हार्टबीट नीट चालू असला, पण एकाच मेसेजची पोच अर्धा तास आली नाही, तरी तो चॅनल, म्हणजे कनेक्शनच्या आतली त्या कन्झ्युमरची वाट, बंद करतो.

क्रमाचा प्रश्न उरतो. चिठ्ठी ४१८ चं वजन चुकीचं होतं, तोलाईदाराने ती रद्द केली. ‘चिठ्ठी रद्द’ हा मेसेज ‘वजन झालं’च्या आधी पोचला तर? एकच कन्झ्युमर असेल तोवर क्रम बहुतेक सांभाळला जातो. दोन लावले किंवा एखादा मेसेज परत फिरला की क्रमाचा भरवसा नाही. त्यामुळे पट्टीच्या प्रोग्रामला दोन्ही क्रम पचायला हवेत. रद्द आधी आलं तर पोचनोंदीत ‘रद्द’ लिहून ठेवायचं, आणि मागून मूळ वजन आलं की पट्टी न काढता पोच द्यायची. हे एकदाच लिहावं लागतं, पण लिहावंच लागतं.

एसएमएस: अडलेला मेसेज आणि सडलेला मेसेज

एसएमएस दोन तऱ्हांनी अडतो. एक, समोरचा सर्व्हर बंद आहे किंवा नेट गेलं आहे. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केला की जातो. दोन, मजकूरच नाकारला जातो. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार असे व्यावसायिक एसएमएस आधी डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर नोंदवलेल्या साच्यातच पाठवावे लागतात. साच्यात नसलेला शब्द घातलात तर तो एसएमएस हजार वेळा पाठवला तरी जाणार नाही. मोबाइल नंबर नऊ आकडी असेल तर तेही तसंच.

काहीही चुकलं की मेसेज ‘नॅक’ करून, म्हणजे पोच द्यायला नकार देऊन, त्याच क्यूत परत टाकायचा, ही सर्रास दिसणारी सवय. त्यात सडलेला मेसेज क्यूच्या तोंडाशी सेकंदाला शेकडो वेळा आतबाहेर करत बसतो आणि मागचे सगळे ताटकळतात. त्याऐवजी तीन क्यू ठेवा: ‘एसएमएस’, ‘एसएमएस.थांबा’ आणि ‘एसएमएस.अडकलेले’.

‘परत’ नावाचं एक डायरेक्ट एक्सचेंज करा आणि त्याला पहिल्या दोन क्यू त्यांच्याच नावाने जोडा. मग ‘अॅडमिन’ टॅबमधल्या पॉलिसीत (क्यूंवर बाहेरून लावायच्या नियमांत) ‘एसएमएस’ क्यूला सांगा: नाकारलेला मेसेज ‘परत’ एक्सचेंजला द्यायचा, पत्ता ‘एसएमएस.थांबा’. याला डेड लेटर म्हणतात. ‘एसएमएस.थांबा’ला कन्झ्युमरच नाही. तिच्यावर मुदत घाला, ६०००० मिलिसेकंद, म्हणजे एक मिनिट. मुदत संपली की मेसेज पुन्हा ‘परत’कडे, पत्ता ‘एसएमएस’. सर्व्हर बंद असेल तर प्रोग्रामने पुन्हा क्यूत न घालता नॅक करायचं. बाकीची फेरी रॅबिट करतो आणि मेसेजला जोडलेल्या एक्स-डेथ नावाच्या हेडरमध्ये (माहितीच्या पट्टीत) फेऱ्यांची मोजणीही ठेवतो. पाच फेऱ्या झाल्या, किंवा चूकच कायमची आहे, तर प्रोग्रामने तो मेसेज ‘एसएमएस.अडकलेले’मध्ये टाकायचा, रॅबिटची पोच घ्यायची, आणि मगच मूळ मेसेजला पोच द्यायची. क्रम उलटा केला की मधल्या क्षणात मेसेज बेवारशी.

मुदत संपूर्ण क्यूवर ठेवा, एकेका मेसेजवर नको. एका क्यूत निरनिराळ्या मुदतीचे मेसेज असले तर पुढचा तासभराचा मेसेज मागच्या मिनिटभराच्याला अडवून धरू शकतो. आणि हे सगळं पॉलिसीतूनच करा, कोडमध्ये क्यू जाहीर करताना नको. कोडमध्ये लिहिलेली मुदत पुढे बदललीत की जुन्या क्यूशी जुळत नाही म्हणून रॅबिट ‘प्रीकंडिशन फेल्ड’, ४०६, असं ठणकावतो आणि क्यू पाडून नवी बांधावी लागते. तीही आतल्या मेसेजसकट.

एसएमएस दोनदा जाणार नाही अशी शंभर टक्के हमी देता येत नाही, कारण गेलेला एसएमएस डेटाबेससारखा मागे घेता येत नाही. शेतकऱ्याला एकाच पट्टीचे दोन एसएमएस आले तर तो फोन करतो, एकही आला नाही तर तो दुकानात येतो. मी पहिला त्रास पत्करतो. जाता जाता, मराठी एसएमएस एका तुकड्यात ७० अक्षरांचाच असतो, इंग्रजीसारखा १६० चा नाही. ‘शेतकरी बंधूंना सप्रेम नमस्कार’ घातलात तर बिल वाढतं.

क्यूवर नजर

मॅनेजमेंटच्या पडद्यावर प्रत्येक क्यूसमोर दोन आकडे महत्त्वाचे: ‘रेडी’ (अजून थांबलेले) आणि ‘अनअॅक्ड’ (दिलेले, पण पोच न आलेले). रेडी वाढत चालला तर कन्झ्युमर बंद आहे किंवा त्याला वेग नाही. अनअॅक्ड एका आकड्यावर गोठला तर कन्झ्युमरने मेसेज घेतले आहेत आणि तो कुठेतरी अडकून बसला आहे. रेडी शून्य, अनअॅक्ड शून्य, पण पट्ट्या निघत नाहीत, तर बाइंडिंग बघा. ‘अडकलेले’मध्ये एक जरी मेसेज असला तरी तो रोज संध्याकाळी माणसाने उघडून बघायचा.

क्यू म्हणजे हरिपूरचं पेव नव्हे. त्या जमिनीतल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, आणि शेवटी ओतलेली आधी बाहेर यायची. क्यूत आधी आलेला आधी जातो, आणि ती जितकी रिकामी तितकी निरोगी. साठवण डेटाबेसमध्ये करा. मेमरी किंवा डिस्क ठरलेल्या मर्यादेला टेकली की रॅबिट पाठवणाऱ्यांची कनेक्शन रोखून धरतो. डिस्कची मर्यादा न बदलता सोडली तर फक्त ५० मेगाबाइट असते, ती निदान दोन गिगाबाइट करा. जावक टेबल असल्याने तेव्हाही काटा चालूच राहतो, फक्त मेसेज मागे साचतात.

मॅनेजमेंटमधून ‘डेफिनिशन्स’ एक्सपोर्ट करून ठेवा. वापरकर्ते, क्यू, बाइंडिंग, पॉलिसी सगळं एका फाइलीत येतं. मेसेज त्यात येत नाहीत. त्यांचा बॅकअप म्हणजे काट्याचं जावक टेबल, म्हणून गेलेल्या नोंदीही निदान महिनाभर पुसू नका.

मोडून बघा

हंगामाआधी, दुकान रिकामं असताना, पाचशे खोटी वजनं सोडा आणि मुद्दाम खोडी काढा. पट्टीचा प्रोग्राम मध्येच टास्क मॅनेजरमधून मारा. रॅबिटची सर्व्हिस बंद करून पाच मिनिटांनी चालू करा. काट्याच्या संगणकाची नेटवर्क वायर उपसा. सर्व्हरची वीज थेट बटणाने घालवा, ‘शटडाउन’ने नको, कारण खरी वीज जाताना विचारून जात नाही. एक तुटका जेसन पाठवा आणि तो ‘अडकलेले’मध्ये जातो की प्रोग्रामलाच घेऊन बुडतो ते बघा. शेवटी पट्ट्या मोजा: पाचशेच हव्यात, चारशे नव्याण्णव नकोत आणि पाचशे एकही नको. एकूण वजन ग्रॅमपर्यंत जुळायला हवं.

प्रत्यक्ष चालू करताना सगळं एकदम बदलू नका. आधी फक्त एसएमएस क्यूवर आणा, जुनी साखळी तशीच ठेवा. तो बिनबोभाट चालला की खातं, आणि सगळ्यात शेवटी पट्टी. रॅबिटच्या आवृत्त्या बदलायच्या त्या पावसाळ्यात, आवक मंदावल्यावर. बदलण्याआधी ‘अॅडमिन’मधल्या ‘फीचर फ्लॅग्ज’मध्ये (नव्या सोयी चालू करायच्या खटक्यांत) सगळे स्थिर फ्लॅग चालू आहेत का ते बघा. ३.१३ वरून ४.० वर जाताना ते चालू नसतील तर नवी आवृत्ती सुरूच होत नाही. आणि डेफिनिशन्सची ताजी फाइल त्या दिवशी पेनड्राइव्हवर हाताशी ठेवा.